कुत्र्याचे ठसे

आयर्लंडमधल्या नास गावात आमच्या शेजारच्या आजोबांचं सगळंच 'ग्रँड', म्हणजे मस्त असायचं. पाऊस ग्रँड, कंबरदुखीही ग्रँड. बर्फ क्वचितच पडायचा, पण पडला की सकाळीच माझं दार वाजवून ते मला ठसे दाखवायला न्यायचे. "कुत्रा इकडेतिकडे हुंगत जातो, पोरी. कोल्हा कसा, सुतात, एका सरळ रेघेत चालतो."

एका हिवाळ्यात पलीकडच्या शेतकऱ्याच्या दोन कोंबड्या गेल्या. बर्फ पडल्या पडल्या तो बंदूक घेऊन आजोबांच्या फाटकाशी आला. आजोबा आणि मी परसातच होतो. तिथे ठशांची एक सरळ रेघ कुंपणाखालून निघून थेट आजोबांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आली होती. तिथे चाटूनपुसून लख्ख केलेली बशी होती.

आजोबांनी बशी कोटात सारली आणि गमबुटांनी ती रेघ तुडवत ते फाटकाकडे निघाले.

"कुत्रा होता," ते म्हणाले.

शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"कुत्राच," मी म्हणाले.

तेव्हापासून दर शनिवारी आजोबा त्याच्याकडून अंडी विकत आणू लागले. त्यांना स्वतःला अंडी मुळीच आवडत नसत. ती आमच्याकडे यायची, आणि मीही मुकाट्याने अंड्याची पोळी करायचे.