काकीच्या सीडीवरचं तिसरं गाणं

दोन हजार आठ-नऊच्या सुमारास माझ्या मेहुण्याने आखातातून एक यंत्र आणलं. रेडिओ, कॅसेट आणि तबकड्या, सगळं एकाच पेटीत, आणि मागून कॉम्प्युटरला जोडायची वायर. जुनी गाणी त्या वायरीतून कॉम्प्युटरमध्ये जातात आणि तिथून सीडीवर उतरवता येतात, असं त्याने मला समजावलं. मला असल्या वस्तूंची भारी हौस. सोबतचं माहितीपुस्तक वाचायची मात्र नाही.

मालवणच्या पुढे, समुद्राकाठच्या आमच्या मूळ घरात माझी काकी एकटीच राहायची. काका मुंबईला गोदीत होते. निवृत्त होऊन आले ते तबकड्यांची ट्रंक घेऊनच. ते गेले, मग खाऱ्या हवेने त्यांचा प्लेअरही गंजून गेला. काकीला मूलबाळ नव्हतं. ती मला 'झिला' म्हणायची, म्हणजे मुला. अलीकडे तिचे डोळे अधू झाले होते आणि ती भिंतीला हात लावून चालायची.

मी म्हटलं, "काकी, तुझी गाणी सीडीर घालून दितंय." तिने ट्रंक माझ्या पुढ्यात सरकवली आणि हाताने चाचपून एक तबकडी वेगळी काढली. काका आंघोळ करून आले की रोज त्यातला एक अभंग लावायचे. "ह्या एक सांभाळून भर रे," ती म्हणाली.

कसालला आमच्या घरी मी कामाला लागलो. मऊ कपड्याने तबकड्या पुसायच्या, सुई ठेवायची आणि बसून राहायचं. गाणं वाजायला जितका वेळ लागतो तितकाच ते भरायलाही लागतो. नुसतं बसून माणूस करणार काय? बायको भाजी निवडायला तिथेच यायची आणि आमच्या गप्पा चालायच्या. गाणी तयार झाल्यावर मी प्रत्येकाची सुरुवात तेवढी ऐकली. आवाज जरा लांबून येतोय असं वाटलं, पण जुन्या तबकड्यांचं असंच असणार असं मी ठरवून टाकलं. काकीला सीडी दिली, वाजवायला छोटा प्लेअरही दिला आणि बटणं कुठे आहेत ते तिचं बोट धरून शिकवलं. येताना गाडीत मी स्वतःवर फार खूश होतो.

पुढे चतुर्थीला सगळी भावकी मूळ घरी जमली. आमचा गणपती एकच. मुंबईची मंडळी आली की घरात पाय ठेवायला जागा नसते. आरती झाल्यावर कुणीतरी म्हणालं, काकांची गाणी लावा. मी अर्थातच पुढे झालो. दुसऱ्या गाण्यात कुकरची शिटी ऐकू आली, तेव्हा आत कुणी भात लावला असेल असं मला वाटलं. तिसरं गाणं म्हणजे तो अभंग. तो सुरू होतोय न होतोय तोच काकी खोबरं किसायचं टाकून उठली, माणसांतून वाट काढत आली आणि बटण चाचपून तिने पुढचं गाणं लावलं.

"अगो, काकांचा आवडता ना ता?" आत्या म्हणाली.

"नको. माका रडाक येता," काकी म्हणाली आणि परत विळीवर जाऊन बसली.

मला राग आला. एवढी मेहनत केली आणि नेमकं तेच गाणं हिला नको! तो राग मी घरी घेऊन आलो आणि माझ्याकडे ठेवलेली त्याच सीडीची प्रत लावली. म्हटलं, बघू तरी एवढं रडण्यासारखं काय आहे.

अभंगाचं पहिलं कडवं झालं आणि त्यावर माझ्या बायकोचा आवाज आला. "काकींका हयसर घेवन येवया. डोळ्यांनी दिसणा नाय तेंका. एकट्यान कसा रवाचा तेनी?"

मग माझा. "नको गो. एकदा हयसर हाडली काय सगळा आपल्यार येतला. तिका काय, गाणी व्हयी. सीडी दिली काय झाला."

मेहुण्याशी बोलायला आणलेला माइक कॉम्प्युटरलाच लावलेला होता. गाणी वायरीतून आलीच नव्हती. त्या माइकने खोलीतलं सगळं भरून घेतलं होतं. बायको स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली होती. मला तिच्याकडे बघवेना. काकीने हे एकटीने, अंधारल्या डोळ्यांनी, कितीदा ऐकलं असेल? आणि चार माणसांत माझी लाज जाऊ नये म्हणून नवऱ्याचं गाणं तिने स्वतःच बंद केलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेलो. माफी मागायला गेलो होतो, पण तोंडातून निघालं ते माइकबद्दलच. वायर, सेटिंग, मेहुणा, सगळ्यांवर ढकलून झालं. आजही त्याचीच जास्त लाज वाटते. काकी ओटीवर बसून ऐकत होती.

"मशीन बरा आसा रे," ती म्हणाली. "तू जा बोललंस, ताच भरल्यान."

मग कुठे मला रडू फुटलं. "काकी, चल आमच्याकडे. आजच चल," मी म्हटलं. तिने माझा हात शोधला आणि थोपटला.

"आता नको रे झिला. मी हयच बरी आसय. तू एक कर, ता गाणा माका परत भरून दी. आणि भरताना थंय कोणी बसा नकात."