पार्किंगमधल्या चार बायका

रांगोळीत माझा हात कोणी धरणार नाही, हे मी लाज सोडून सांगते. जयंतीला बुद्धविहारात मी काढलेल्या चित्रासमोर म्हातारी माणसं हात जोडून उभी राहतात. त्यामुळे इथे राजधानीत, आमच्या द्वारकेच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीची रांगोळी स्पर्धा जाहीर झाली, विषय ‘अनेकता में एकता’, तेव्हा पहिलं नाव मी दिलं. चार दिशांच्या चार बायका काढायचं ठरवलं.

आमच्या वरच्या मजल्यावर मणिपूरची एक मुलगी भाड्याने राहते, हॉस्पिटलात नर्स आहे. शुगरमुळे माझ्या आईच्या पायाची जखम भरेना, तेव्हापासून वर्षभर ती ड्यूटीवरून आली की आधी आमच्याकडे येऊन ड्रेसिंग करायची, मग आपल्या घरी जायची. सख्ख्या बहिणीने केलं नसतं एवढं तिने केलं. पंचवीस तारखेला सकाळीही ड्यूटीला जाण्याआधी पार्किंगच्या गार फरशीवर बसून तिने मला चौकटी आखायला दोऱ्याचं दुसरं टोक धरलं. तुझ्याकडचीही काढणार आहे म्हटल्यावर हसली.

पंजाबी, तमिळ आणि नऊवारीतली, अशा तिघी मी फोटो समोर ठेवून काढल्या. गालाची एकेक छटा जमवायला तास तास गेला. चौथीला फोटो कशाला हवा? शाळेतल्या तक्त्यावरची ती डोक्यात होतीच. डोळ्यांच्या जागी दोन तिरप्या रेघा, नाकाला एक ठिपका, पिवळे गाल, पाठीवर टोपली. दहा मिनिटांत झाली. येणारे-जाणारे म्हणत होते, बिल्कुल नॉर्थ-ईस्ट! मी खूश.

संध्याकाळी ती परत आली. खांद्यावरची पिशवीही खाली न ठेवता बराच वेळ बघत राहिली.

“दीदी, ये मैं हूँ?”

मी हसत हो म्हटलं.

“सड़क पे भी लोगों को मैं ऐसी ही दिखती हूँ,” ती म्हणाली आणि लिफ्टकडे गेली.

मला रागच आला. दिवसभर कंबर मोडून घेतली आणि बाईसाहेबांचं हे! सगळं आवरून वर गेले तेव्हा आईच्या पायाला नवी पट्टी बांधलेली होती. म्हणजे ती येऊन गेली होती. मी आईपुढे बडबड सुरू केली, की लोक फार हळवे झालेत, कौतुक करायला गेलं तरी यांना टोचतं. आईने ऐकून घेतलं.

“शाळेच्या नाटकात तुला राक्षसीण केलं होतं,” ती म्हणाली. “घरी येऊन तोंड घासघासून धुतलंस. रंग लावलाच नव्हता त्यांनी.”

ज्या बाईला ऑफिसात आजही पहिल्या भेटीत ‘पूरा नाम?’ विचारतात आणि आडनाव ऐकून गप्प होतात, तिने, म्हणजे मी, हे केलं होतं. स्वतःची इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

पहाटे धुक्यात खाली गेले. पुठ्ठ्याच्या तुकड्याने तो चेहरा अलगद उचलून काढला, खालची फरशी पुसली आणि काळी रांगोळी चिमटीत घेतली. डोळ्यांपासून सुरुवात करायची माझी सवय. आणि डोळे आठवेनात. तिचे हात आठवत होते, कात्री धरायची पद्धत आठवत होती, जिन्यावरची पावलंसुद्धा मी ओळखते. पण वर्षभर ती आईच्या पायाशी खाली मान घालून बसायची आणि मी वर उभी राहून तिचा भांग बघायचे. चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता.

तेवढ्यात ती ड्यूटीला निघालेली खाली आली. मी तिला थांबवलं. म्हटलं, पाच मिनिटं समोर बस, नीट काढते. तिने रांगोळीकडे पाहिलं. तिघी बायका हसत होत्या. चौथीचे कपडे होते, गळ्यातली माळ होती, टोपली होती, आणि मानेच्या वर ओली फरशी.

“दीदी, अब तो हम हैं ही नहीं,” ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. तिला उशीर होत होता. ती गेटबाहेर गेली.