पंचवीस मिनिटांचं होम थिएटर

आण्णांनी तो सिनेमा तीन वेळा बघितला होता आणि तिन्ही वेळा फक्त मध्यंतरापर्यंत. आण्णा म्हणजे माझे वडील. भोर डेपोला कंडक्टर होते. हिर्डोशीला मुक्कामी जाणारी गाडी कितीतरी वर्षं त्यांच्याकडं होती, आणि ती सुटायची वेळ अशी, की तीनच्या खेळाला बसलेल्या माणसाला मध्यंतराचे दिवे लागले की उठावंच लागे. खाकी कपड्यातच बसायचे म्हणे थेटरात, तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन. शेवट काय झाला ते गाडीतली माणसं सांगायला बघायची, तर हे कानावर हात ठेवायचे. "सांगू नका, म्या बघणार हाय," म्हणायचे. बघणं काही झालं नाही. सिनेमा गावातून गेला, पुढं संसार लागला, आणि रिटायर झाल्यावर दोन-तीन वर्षांत शुगरनं त्यांचे दोन्ही डोळे गेले.

एकदा जेवताना सहज म्हणाले, "बघायचा न्हाई तर न्हाई, ऐकायचा तरी त्यो पिक्चर. पण पयल्यापासनं शेवटापतुर. अर्धा अर्धा लई झाला." आई म्हणाली, "जेवा गुमान." विषय तिथंच संपला. माझ्या मात्र तो डोक्यात बसला.

मी तेव्हा वेल्ह्याला एका सरकारी ऑफिसात क्लार्क होते. रोज भोरहून नसरापूर, तिथं गाडी बदलून विंझरवरून वेल्हे, आणि संध्याकाळी तसंच उलटं. माझ्या लग्नाचा विषय घरात तोवर संपलेला होता, त्यामुळं पगार माझा मलाच पुरून उरायचा. नसरापूरला स्टँडजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एक दिवस नवा बोर्ड लागला, होम थिएटर आलं म्हणून. नुकतंच निघालेलं मॉडेल. एक मोठा काळा रिसिव्हर, पाच छोटे स्पीकर आणि जमिनीवर ठेवायचा एक धम-धम करणारा डबा. दुकानदारानं मला मधल्या खुर्चीत बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. पाठीमागून एक गाडी आली, कानाशेजारून गेली आणि समोर जाऊन थांबली. मी डोळे उघडले नाहीत. मला आण्णाच दिसत होते. डोळे गेल्यावरसुद्धा घरात बसून, वळणावर गेअर टाकायच्या आवाजावरून आज गाडीवर कोण ड्रायव्हर आहे ते ते सांगायचे. अशा माणसाला हे मशीन म्हणजे डोळेच की. पगाराचा फरक नुकताच हातात आला होता. मी घेऊन टाकलं, आणि खरं सांगते, त्या दिवसाइतका अभिमान मला स्वतःचा पुन्हा कधी वाटला नाही.

दुकानाचा माणूस येऊन जोडून गेला. रिसिव्हरच्या पुस्तकात लिहिलं होतं, वरच्या बाजूला मोकळी जागा ठेवा. मी क्लार्क माणूस, लिहिलेलं पाळणारी. शोकेसचा वरचा कप्पा सुताराकडून काढवून घेतला आणि टेपनं मोजून पुस्तकात सांगितल्यापेक्षा जास्तच जागा ठेवली. आईनं हळद-कुंकू वाहिलं. सिनेमाची सीडी पुण्याहून मागवली होती ती यायची होती, म्हणून आम्ही दुकानदारानं दिलेल्या फुकट सीडीवरची गाणीच दिवस दिवस लावली. पहिले तीन दिवस ते मशीन झकास वाजलं. आण्णा मधल्या खुर्चीत बसून हातानं दाखवायचे, तबला हितं हाय, पेटी तितं हाय.

चौथ्या दिवशी आईचं कव्हर तयार झालं.

आमच्या घरात कव्हराशिवाय काही नव्हतं. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फोनला कव्हर, गॅसच्या टाकीला तर झालरीचा फ्रॉक. कच्च्या रस्त्याची धूळ घरात यायची, आणि आईचं म्हणणं असं, की महागाची वस्तू उघडी ठेवणं म्हणजे पोराला उघडं फिरवणं. रिसिव्हरचं कव्हर तिनं सगळ्यात मन लावून केलं. वरून क्रोशाचं विणकाम, कडेनं लाल मोती, आणि विणकामाच्या भोकांतून धूळ जाऊ नये म्हणून आतून जुन्या रजईचं जाड अस्तर. समोरच्या बाजूला तिनं छोटी खिडकी ठेवली होती, आकडे दिसावेत आणि रिमोट चालावा म्हणून. चष्मा लावून, दोरीनं माप घेऊन केलं होतं तिनं. मी म्हणाले, "आई, दुकानातल्यापेक्षा भारी दिसतंय." ती लाजली.

त्या रविवारी सीडी आली. आण्णांनी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. आईनं चहा टाकला आणि मी बटण दाबलं. पाट्या संपल्या, पहिलं गाणं झालं, आणि आण्णा खुर्चीत पुढं सरकून ऐकू लागले. पंचवीस मिनिटं झाली असतील. आतून टक् असा आवाज आला आणि सगळं शांत. खिडकीत लाल दिवा आणि एकच इंग्रजी शब्द, प्रोटेक्ट.

पंधरा-वीस मिनिटांनी ते आपोआप चालू झालं. पुन्हा लावलं, पुन्हा टक्. आण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. नीट झाल्यावर पयल्यापासनं लाव."

मग माझं भांडण सुरू झालं. संध्याकाळी नसरापूरला उतरायचं आणि दुकानदाराशी भांडायचं, हा माझा नेमच झाला. तो आधी ताई म्हणायचा, नंतर मॅडम म्हणायला लागला, आणि शेवटी मला लांबून बघितलं की आत चहा सांगायला जायचा. मी मशीन थर्माकोलच्या खोक्यात घालून एसटीतून मांडीवर नेलं. दुकानात ते दिवसभर वाजलं. एकदाही टक् नाही. दुकानदार म्हणाला, "मशीन एकदम ओके आहे मॅडम, तुमच्या भोरचं व्होल्टेज बघा." मी स्टॅबिलायझर घेतला. आईनं स्टॅबिलायझरलाही कव्हर केलं. घरी आणल्यावर पंचविसाव्या मिनिटाला टक्.

विंझरच्या एका शाळामास्तरांनी तेच मॉडेल घेतलं होतं. त्यांच्या मधल्या स्पीकरमधून सारखी भुणभुण यायची, आणि माणसाचे ओठ आधी हलून आवाज मागून यायचा. आम्ही दोघं एसटीत शेजारी बसून कंपनीच्या नावानं खडे फोडायचो. मास्तर म्हणाले, "घाईघाईनं बाजारात आणलाय हा माल. आपण म्हणजे ह्यांची प्रयोगशाळा." मला ते शंभर टक्के पटलं. सगळं मॉडेलच नासकं म्हटल्यावर घरात काय चुकतंय ते बघायचं डोक्यात कशाला येईल?

कंपनीचा माणूस एकदाच घरी आला, पुण्याहून, बॅग घेऊन. पाहुणा येणार म्हणून आईनं सकाळीच कव्हर काढून घडी करून कपाटात ठेवलं होतं, आणि त्याला पोहे दिले. त्यानं तासभर मशीन वाजवलं. काहीच झालं नाही. मी त्याच्यासमोर खोटी पडले. तो वहीत 'दोष आढळला नाही' असं लिहून, सही घेऊन गेला. तो गेल्यावर आईनं कव्हर घातलं, आणि मी रागारागानं सीडी लावली. चोविसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला, टक्.

त्या दिवशी मी आण्णांवर घसरले. रिमोट त्यांच्या हाताशी होता. मी म्हणाले, "तुम्हीच काहीतरी दाबत असणार. दिसत नाही तर हात कशाला लावता?" आण्णांनी रिमोट चाचपून बाजूला ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले, पूर्वी तिकिटांची पेटी धरून बसत तसे. त्यानंतर त्यांनी रिमोटला कधी हात लावला नाही. आम्ही बाहेर असलो तर रेडिओसुद्धा लावायचे नाहीत.

आता कुणीही विचारेल, की अगं बाई, टीव्हीच्या साध्या स्पीकरवर का नाही ऐकवलास तो सिनेमा? आईनंही विचारलं होतं. मी म्हणाले, "नाही. एवढे पैसे मोजलेत, ह्याच्यावरच वाजला पाहिजे. त्यांना सोडणार नाही मी." आण्णांनीही माझीच री ओढली, "पोरगी म्हणती तर थांबू." ते माझ्यासाठी थांबले होते. मला वाटत होतं मी त्यांच्यासाठी भांडतेय.

सहा-सात महिन्यांनी, मी ग्राहक मंचात जाईन म्हणून धमकी दिल्यावर, कंपनीनं मशीनच बदलून दिलं. कोरं करकरीत. आम्ही तिघंही खूश. मापात बसतंय म्हणून आईनं तेच कव्हर घातलं. पुढचं सांगायला नको.

पावसाळा संपता संपता आण्णांच्या पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि दवाखान्यातल्या आठ दिवसांत ते गेले. मी रडले नाही. लोक म्हणाले घट्ट आहे पोरगी. घट्ट वगैरे काही नव्हतं, मला काही वाटतच नव्हतं. माणसं यायची, मी पाट मांडायची, पाणी द्यायची, कोण किती वाजता येणार ते विचारायची. ऑफिसात आलेल्या टपालाची नोंद करावी तसं सगळं केलं.

दहावं झालं, सुतक फिटलं, तेव्हा घरातलं सगळं कापड धुवायला निघालं. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, आणि कव्हरं. टीव्हीचं, मिक्सरचं, टाकीचा फ्रॉक, सगळं. आईनं नदीवर न नेता दारातच दोन बादल्या मांडल्या. पातळ कापडं त्याच दिवशी वाळली. रजईच्या अस्तराचं जाड कव्हर वाळायला वेळ लागला, आणि आभाळ असल्यामुळं ते तीन-चार दिवस दोरीवरच होतं.

तेरावं झाल्यावर पाहुणे गेले. दुपारी आई पडली होती. घर फार शांत होतं, म्हणून मी मशीन लावलं. सीडी आतच होती. मनात काही नव्हतं, ऐकायचीही इच्छा नव्हती. पंचवीस मिनिटांनी ते बंद पडेल, तेवढा वेळ तरी जाईल, एवढाच हिशेब. टक् ची वाट बघत मी भाजी निवडत बसले. गवारीची निम्मी परात झाली. घड्याळाकडं बघितलं तर पाऊण तास होऊन गेला होता.

मी हात थांबवले. मध्यंतर आलं. पहिली सीडी संपली, मी उठून दुसरी लावली. सिनेमा चालूच राहिला. पाठीमागच्या स्पीकरमधून पाऊस वाजत होता, उजवीकडून कुणीतरी दार ठोठावत होतं. मग शेवट आला. पाटी आली, आणि मशीन तसंच निळे आकडे दाखवत शांत उभं राहिलं. मी त्याच्यावर हात ठेवला. वरच्या जाळीतून गरम हवा निघत होती, मोकळी, सरळ वर. दारातून दोरी दिसत होती, आणि दोरीवर लाल मोत्यांचं कव्हर.

अख्ख्या पुस्तकात कव्हराबद्दल एक शब्द नव्हता. लिहिणाऱ्याला काय माहीत, की जगात कुठं तरी लोक मशीनला रजई पांघरतात.

तरीही मला रडू आलं नाही. मी गवार धुतली, फोडणीला टाकली. एवढंच मनात आलं, की आण्णांचा हात धरून मी म्हणायला हवं होतं, रिमोट घ्या, तुमची काही चूक नाही. आता ते कुणाला म्हणायचं?

संध्याकाळी आई कव्हर घेऊन आत आली. वाळलं होतं. एक मोती निसटला होता, तो तिनं सुईनं पुन्हा बसवला. मग मशीनवर घातलं, चारी कोपरे ओढून सारखे केले, खिडकी आकड्यांसमोर आणली. मी बघत उभी होते. नको आई, एवढं एकच वाक्य होतं. मग तिनं का म्हणून विचारलं असतं, आणि मला सांगावं लागलं असतं. ज्या बाईनं दोरीनं मापं घेऊन, चष्मा लावून नवऱ्याच्या मशीनला कव्हर केलं, तिला मी काय सांगणार होते?

पुढच्या रविवारी ती स्वतःच म्हणाली, "लाव गं त्यांचा पिक्चर. मी ऐकते." ती आण्णांच्या खुर्चीत बसली. मी बटण दाबलं. पाट्या गेल्या, पहिलं गाणं गेलं. मी घड्याळाकडं बघत नव्हते, पण मला वेळ कळत होती.

टक्.

"बघ," आई म्हणाली, "मेल्यांनी शेवटपतुर फशिवलं त्यास्नी."

"व्हय," मी म्हणाले.

तिनं लाल दिव्याकडं बघितलं. मग म्हणाली, "शेवट काय व्हता गं त्याचा? तुला म्हाईत हाय?"

"नाही," मी म्हणाले. "मी पण मध्यंतरापर्यंतच बघितलाय."

तिनं मान हलवली, उठली, पदरानं कव्हरावरची धूळ झटकली आणि चहा ठेवायला आत गेली.