बघूदादांची दाढ आणि दहा तारीख

दहा तारखेचा घोळ मीच घातला. कंपनीच्या वेबसाइटवर सूचना टाकायचं काम माझ्याकडे. शिवणदुकानांसाठीच्या आमच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती कधी येणार, हे सांगू शकणारा माणूस मात्र एकच : बघूदादा. बावीस वर्षं प्रोग्रॅम लिहिताहेत, पण आजवर कुणाला तारीख म्हणून दिली नाही. कधीही विचारा, चष्मा कपाळावर सरकवून म्हणणार, "बघू." लग्नाची तारीखसुद्धा शेवटी सासऱ्यांनीच ठरवली, असं वहिनी सांगतात.

त्यांच्या टेबलावरच्या कॅलेंडरात मला दहा तारखेभोवती लाल गोल दिसला. म्हटलं, सापडलं घबाड. लगेच वेबसाइटवर ठोकून दिलं : नवी आवृत्ती दहा तारखेला.

दहाला बाहेर आली ती दादांची दाढ.

दुपारी दादा गालात कापूस कोंबून बसलेले, तोच टेलरबाई गळ्यातल्या टेपसकट आत आल्या. शाळेच्या दोनशे गणवेशांची मापं त्यांनी आमच्या प्रोग्रॅममध्ये भरली होती. जुन्या आवृत्तीत ती एकेक करून बघावी लागत. सगळी यादी छापायची सोय नव्या आवृत्तीत येणार होती.

"तुमच्या तारखेवर विसंबून चार कारागीर बोलावलेत. शाळा सोमवारी उघडते. यादी नाही तर कापू काय, तुमचं डोकं?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना बोलता येत नव्हतं, हे माझं नशीब. बाकी सगळं बाजूला सारून ते तेवढी यादी काढायला बसले.

"किती वेळ लागेल?" बाईंनी विचारलं.

दादांनी सवयीनं चष्मा कपाळावर सरकवला.

"हेच ते. अहो, आम्ही तारीख देतो, म्हणून गिऱ्हाईक निवांत झोपतं."

दादांनी कागदावर लिहिलं : माझी पँट?

बाईंनी गळ्यातली टेप जरा सैल केली. "तिचं कापड अडेल आहे."

"गेल्या वर्षीपासून," मी म्हटलं.

"तू गप रे. तारखेचे दिवे तूच लावलेस ना?"

पाच वाजता दोनशे मापं कागदावर उतरली, आणि सोमवारी पोरं गणवेशात शाळेत गेली.

वेबसाइटवरची तारीख मी पुसली. तिथे आता दादाच दर शनिवारी लिहितात : यादी छापून येते, बाह्यांचं माप अजून चुकतं. चौकशीचे फोन निम्म्यावर आलेत. नवी आवृत्ती तेवीसला आली. दादांनी ते चोवीसला सांगितलं.

पँटीचं म्हणाल, तर बाईंनी परवाचा वायदा केलाय. हा तिसरा परवा.