देवरे सरांचा मायनर

देवरे सरांना काहीही विचारलं की ते आधी खडू विचारणाऱ्याच्याच हातात देत. "तुझा अंदाज सांग. चुकला तरी चालेल, पण सांग." अंदाज फारच भलता निघाला की मूळचे सटाण्याचे सर गावाकडच्या बोलीवर येत, "हे काय शे, पोरी?" आणि स्वतःच खो खो हसत.

नाशिकच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात फिजिक्स म्हणजे पहिल्या वर्षी उरकून टाकायचा विषय. सरांनी मात्र वर्षानुवर्षं मागे लागून त्याचा मायनर मंजूर करून घेतला होता. मुख्य पदवीसोबत, दर शनिवारी, काही जादा पेपर. पुरेशी नावं आली तरच वर्ग चालणार होता. म्हणून विभागप्रमुखांनी त्यांना बजावलं होतं, "सर, मुलांना सांगा, बाहेर अ‍ॅडमिशनला उपयोग होतो."

मी मेकॅनिकलला होते. एमएसला जायचं डोक्यात पक्कं, आणि मार्क मात्र घसरत चाललेले. मायनर घेतला की सगळं झाकलं जाईल, अशी माझी वेडी आशा. माहितीच्या तासाला भरल्या वर्गात मीच उभी राहिले. "सर, मायनर असला तर अ‍ॅडमिशन मिळते का?"

या वेळी त्यांनी अंदाज विचारला नाही. "नाही. आधी मुख्य विषयांचे मार्क बघतात, मग प्रोजेक्ट, मग शिफारस. मायनर म्हणजे मिसळीवरची कोथिंबीर. रस्साच बिघडला असेल तर जुडीभर घालून काय होणार? फिजिक्सच्या अंगानं संशोधन करायचं असेल तर थोडा फायदा आहे. नाहीतर आवडतं म्हणून घ्या."

वर्ग भराभर रिकामा झाला. नावं पुरली नाहीत आणि मायनर सुरू होण्याआधीच बारगळला. मला इतकं अपराधी वाटलं की मी स्टाफरूममध्ये गेले. "सर, थोडं गोड बोलला असतात तर?"

"वर्ग भरला असता की. मला काय वाईट वाटत नाही होय?" त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला. "पण लबाड बोलून जमवलेल्या पोरांना शिकवू काय? जाऊ दे. शनिवार माझा आता मोकळाच आहे. वही घेऊन ये, तुझं थर्मोडायनॅमिक्स बघू."

पुढे दोन वर्षं मी शनिवारी त्यांच्याकडे जात राहिले. मार्क सावरले. अ‍ॅडमिशन मिळाली तेव्हा फोनवर सर एवढंच म्हणाले, "झकास. आता तिकडे नीट जेवत जा."

सर गेले तेव्हा मी परदेशात होते. येता आलं नाही. ज्या वर्गासाठी ते इतकी वर्षं झगडले, तो त्यांना कधीच मिळाला नाही. त्या वर्गाचे सगळे शनिवार मला मिळाले.