आक्काच्या छातीवरचा पट्टा

माझी थोरली बहीण, आक्का, बेळगावच्या शहापुरात यंत्रमागावर साड्या विणते. एका उन्हाळ्यात ती मागाशेजारीच चक्कर येऊन कोसळली. दवाखान्यात दिवसभर यंत्र लावून छातीचे ठोके तपासले. सगळं ठीक निघालं. थोड्याच दिवसांत ती पुन्हा पडली, कपाळ फुटलं.

मी तिला स्मार्ट घड्याळ आणून दिलं. त्याची बॅटरी रोज उतरायची. ते चार्जिंगला लावलेलं असतानाच आक्का स्वयंपाकघरात पडली.

"तुझं घड्याळ भिंतीला जेवत हुतं, आणि मी हितं आडवी," ती म्हणाली.

मी बेळगावातच एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. त्या दिवशी ठरवलं, चार्जिंगसाठी अंगावरून काढावंच लागणार नाही असं काहीतरी आपणच करायचं. छातीला बांधायचा साधा पट्टा. पडदा नको, फोनशी सतत जोडणी नको. आतली चिप जास्तीत जास्त वेळ झोपेल, ठोक्यापुरती जागी होईल आणि लय बिघडली तरच नोंद ठेवेल. म्हणजे बटणाएवढ्या सेलवर कितीतरी दिवस निघतील.

पहिला पट्टा सेल संपून लगेच बंद पडला. मागाच्या हादऱ्यालाच तो बिघाड समजायचा आणि सारखा जागा राहायचा. मग तो स्वतःला बांधून सुट्टीच्या दिवशी मी तिच्या मागाजवळ बसू लागले. हादरा कुठला आणि ठोका कुठला हे त्याला कळेपर्यंत प्रोग्राम बदलत राहिले.

"एवढी शिकलीस आणि शेवटी मागावरच आलीस व्हय गं?" आक्का हसली.

"हे जमल्याबिगर मी उठत न्हाय."

पुढचा पट्टा टिकला. एके दिवशी देवळाच्या पायरीवर तिला अंधारी आली. घरी येऊन नोंद उघडली, तर हृदय मध्येच थांबून पुन्हा सुरू झालेलं. त्या नोंदीचा आलेख छापून मी आक्काला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी आलेख पाहिला. "घरी केलेल्या यंत्रावरून मी उपचार ठरवणार नाही."

"नका ठरवू," मी म्हणाले. "पण तुमचं यंत्र या वेळी जास्त दिवस लावा."

त्यांनी मान डोलावली. त्यांच्या यंत्रातही तेच दिसलं. आक्काला पेसमेकर बसला.

घरातले सगळे माग सोड म्हणत होते. तिनं डॉक्टरांना विचारलं, ते चालेल म्हणाल्यावर जखम भरू दिली आणि अर्धी राहिलेली जांभळ्या काठाची साडी पुरी करायला बसली.