खिळ्यावरचा कप

“आपका कप बाहर टँगा है जी.”

ढाबेवाला असं म्हणाला तेव्हा मी आत बाकावर बसले होते. रोजच्याच जागी. वर्षभर तिथेच बसून काचेच्या ग्लासात चहा पीत होते. आमच्या ऑफिससमोरचा ढाबा. चंदीगडची थंडी अशी की टाइपरायटरवर बोटं वळत नसत. दुपारचा तो चहाच काय तो आधार. बाहेर भिंतीला खिळे होते, खिळ्यांना टवके उडालेले कप. ते झाडूवाल्या बायांचे. उभ्यानं प्यायचं, नळावर स्वतः धुवायचं, परत टांगायचं. त्या दिवशी तिथे एक कप वाढला होता. माझा.

मी म्हटलं, “कल तक तो यहीं पी रही थी.”

“आपके ही आदमी ने बताया जी. मुझे क्या पता था.”

खरंच, त्याला काय पत्ता! माझं आडनाव त्याला धड उच्चारताही येत नव्हतं. त्यावरून जात कळणं तर दूरच. म्हणून तर मी तिथे सुखात होते. बाप्पा, किती सुखात होते!

‘आपला आदमी’ म्हणजे भाऊसाहेब. नुकतेच बदलून आलेले साहेब, पुढे मराठी मंडळाचे चिटणीस झाले. आदल्याच दिवशी ढाब्यात भेटले. इतक्या लांब मराठी कानावर पडलं, मी हरखून गेले. त्यांनी विचारलं, “आडनाव काय तुमचं?” सांगितलं. “गाव?” वर्ध्याकडचं. “गावात घर कुठे?” परमुलखात आपली माणसं भेटली की हे तीन प्रश्न ठरलेले. पहिल्या दोनांत नाही कळलं तर तिसऱ्यात कळतंच. मी खरं तेच सांगितलं. काऊन लपवू? ते “छान, छान” म्हणाले, अर्धा चहा तसाच ठेवून उठले, आणि जाताना गल्ल्यापाशी थांबले.

मी तो कप घेतला नाही. बाहेर आले. नळावर बिमला कप धूत होती. शहराला लागूनच्या मनीमाजऱ्याची बिमला, आमच्याच ऑफिसात रोजंदारीवर झाडू मारायची. तिनं खिळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आप भी?”

अंगाची लाही लाही झाली. म्हटलं, “हाँ, मैं भी. चल, अंदर बैठेंगे.”

ऐंशीचं दशक, पंजाब पेटलेला. दिवस वाईट होते. पेपर उघडला की गोळीबार, बसमधून उतरवून मारलेली माणसं. शहरात जमावबंदी. पाच जण एकत्र दिसले की काठी. म्हणून आम्ही चौघीच बसायचो. मी, बिमला आणि तिच्या दोघी जावा. घोषणा नाही, फलक नाही. “चाय, गिलास में,” एवढंच म्हणायचं. ढाबेवाला देत नसे. सुट्टी संपली की उठायचं. दुसऱ्या दिवशी परत. कुणी साथीला आलीच तर आम्हीच तिला हाकलायचो. पाचवी बसली की आम्ही दंगेखोर.

एक गिऱ्हाईक म्हणालं, “मुल्क जल रहा है, और इनको गिलास की पड़ी है.” पडलीच होती. जळत्या मुलखातही आमचे कप वेगळेच टांगले होते ना!

मग एकदा भाऊसाहेब आले. समजूत घालायला. आमच्याच बाकाच्या टोकाला टेकले. “अहो, ही काय वेळ आहे का?” मी म्हटलं, “वेळ कधी असते तेवढं सांगून ठेवा.” तेवढ्यात दारात शिपाई. त्यानं आमच्या बाकावरची डोकी मोजली. पाच. भाऊसाहेबांनी ओळखपत्र दाखवलं आणि ते निघून गेले. आम्हा चौघींना चौकीत नेलं. ते मुद्दाम बसले होते का, मला आजही ठाऊक नाही.

माझी नोकरी पक्की होती, ताकीद देऊन सुटले. बिमलाला दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या फाटकातूनच परत पाठवलं. ती कोठ्यांमध्ये, म्हणजे इथल्या बंगल्यांत, भांडी घासू लागली. तिथेही तिचा कप मोरीखाली. ढाब्यावरचे कप खिळ्यांवरच राहिले. जिंकलो वगैरे काही नाही.

आता मी निवृत्त झालेय, इथेच राहते. परवा मंडळाची माणसं घरी आली. त्या बसण्याचा स्मरणसोहळा करायचाय म्हणे. ‘पंजाबात लढलेली मराठी कन्या’ म्हणून माझा सत्कार. अध्यक्ष भाऊसाहेब. मी विचारलं, “बिमलाला बोलावलं?”

“त्या मराठी नाहीत ना, ताई. आणि एक विनंती, भाषणात कटुता नको.”

मी जाणार आहे. बिमलाला हाताला धरून नेणार, पहिल्या रांगेत बसवणार. शाल घेणार नाही. काही बदलणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. लोक ऐकतील आणि चहाला उठतील. तरी माईकवरून सांगणार: ढाबेवाल्याला माझी जात ठाऊक नव्हती. ती त्याला मराठी माणसानं सांगितली. तो माणूस हा इथे, अध्यक्षाच्या खुर्चीत बसलाय.